काकींची दोन कार्डं

"कलम सात," लेकीने वाचलं. "साहित्यघराचं मानद प्रमुख हे पद रद्द करावं."

काकींना आधी वाटलं, आपल्याच कानात काहीतरी बिघाड झाला. त्यांनी शेजारी पाहिलं. शेजारी जाऊ बसली होती, धाकटी. तिचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं, म्हणजे ऐकलं ते खरंच होतं. तरी मान ताठच राहिली, कारण ती मान धाकटीसमोर वाकवायची त्यांना सवयच नव्हती.

मानद प्रमुख म्हणजे काकी. एकोणीस वर्षं काकीच. त्या खुर्चीवर दुसरं कुणी कधी टेकलंसुद्धा नव्हतं. आणि ती खुर्ची काढून टाका म्हणणारी होती काकींची पोटची पोरगी, जिला काकींनी स्वतः हाताला धरून इथे आणलं होतं.

साहित्यघर म्हणजे आजारी माणसांना लागणारं सामान उसनं द्यायची जागा. चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, वॉकर, हवेच्या गाद्या, कमोडच्या खुर्च्या, बेडपॅन. घरात कुणाचं माकडहाड मोडलं, कुणाला अर्धांगवायू झाला, की लोक धावत यायचे, सामान न्यायचे, आणि माणूस उठला किंवा गेला की परत आणून द्यायचे. पुढे एक खोली, मागे एक खोली, त्यामागे पत्र्याच्या दाराचं अंगण. कामाला तिघंच. नोंदी ठेवणारी कारकूनबाई, मोडकं सामान दुरुस्त करणारा मिस्त्री आणि गाडीवाला. त्यांच्यावर काकी. काकींच्या वर समिती. अध्यक्ष एक म्हातारे डॉक्टर, प्रमुख म्हणून काकींनाही एक मत, आणि समितीत धाकटी, कारण जागा तिच्या नवऱ्याने दिलेली.

आता लेकीबद्दल सांगायला हवं, नाहीतर कुणी म्हणेल की ही कसली राक्षसीण.

लेक मनुष्यबळ सल्लागार होती. काकी तिसरी शिकलेल्या, त्यांना हा शब्द जिभेवर बसवायला वर्ष लागलं. मग मात्र त्या तो भेटेल त्याला ऐकवायच्या. भाजीवाल्याने नुसतं "मुलगी काय करते?" विचारलं, तर त्याची तराजू हवेत राहायची आणि काकी सुरू व्हायच्या. "कारखान्याच्या फाटकाशी बसून कामगारांची हजेरी लिहायची माझी पोरगी. दिवसा हजेरी, संध्याकाळी कॉलेज. मग त्याच कारखान्यात साहेबीण झाली. पंधरा वर्षांनी म्हणाली, आता माझं मीच. आता मोठमोठे मालक तिच्याकडे येतात. माणूस कुठे बसवायचा, कुठून उठवायचा, सगळं तिला विचारून. डॉक्टर जसा शरीराचा, तशी ती नोकरीची."

भाजीवाला म्हणायचा, "काकी, गिऱ्हाईक थांबलंय."

"थांबू दे. त्याचं काय चाललंय मोठं!"

लेकीचं ऑफिस वह्यापुस्तकांच्या दुकानावर दोन खोल्यांचं होतं. पण महिन्यातले दोन दिवस ती कुणाचं पैशाचं काम घ्यायची नाही. ते दोन दिवस ती संस्थांना द्यायची, फुकट. अंधांची शाळा, वाचनालय, घरकाम करणाऱ्या बायकांची संघटना. तिची पद्धत अशी, की सगळ्यांना कोरी कार्डं वाटायची आणि सांगायचं, एका कार्डावर एकच काम लिहा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हाताने, डोक्याने, तोंडाने जे करता ते. मग सगळ्यांची कार्डं टेबलावर पसरायची. एकच काम दोघांच्या ढिगात आलं, की भांडणाचं मूळ तिथे. आणि जे काम कुणाच्याच ढिगात नाही, तिथे संस्था गळते. वाचनालयात तिने असं शोधून काढलं होतं की राखणदारच नव्या मुलांना वाचायला शिकवतो आणि कुणाला पत्ताच नाही. त्याचा पगार वाढला. ही गोष्ट काकींनी धाकटीला सहा वेळा सांगितली होती.

म्हणूनच समितीत कुणीतरी म्हणालं की आपल्याकडे लोकांना फार ताटकळावं लागतं, कामाची घडी बसवायला हवी, तेव्हा काकी टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "माझ्या पोरीला बोलवा. फुकट करील. आणि काय गं," रात्री जेवताना लेकीला म्हणाल्या, "मी तिथे आहे म्हणून गय करू नकोस हं. नाहीतर तुझी काकू म्हणेल, आईची खुर्ची वाचवली."

लेक म्हणाली, "आई, मी कुणाचीच गय करत नाही. नीट विचार करून बोलाव."

"विचार केलाय."

केला नव्हता. विचार करायचं कारणच काकींना दिसत नव्हतं.

कार्डांचा दिवस आला. कारकूनबाईने एकवीस कार्डं लिहिली. मिस्त्रीने सतरा, त्यातल्या चारांवर नुसते स्क्रूच काढले होते. गाडीवाल्याने अकरा. काकींना लिहायला वेळ लागायचा म्हणून लेक स्वतः पेन घेऊन समोर बसली, शाळेतल्या बाईंसारखी.

"बोल आई. सकाळी आल्यावर पहिलं काय करतेस?"

काकी खुर्चीत मागे रेलल्या. दार उघडं होतं, बाहेरच्या बाकावर धाकटी येऊन बसली होती, तिचं कुठल्याशा कागदाचं काम होतं म्हणे.

"बघते," काकी म्हणाल्या.

"काय बघतेस?"

"सगळं. कोण आलं, कोण गेलं. मोठ्या माणसाला हात हलवावे लागत नाहीत बाई. तुझे ते मालक काय स्वतः खिळे ठोकतात?"

"बरं. 'बघणे'. आणखी?"

"सही. माझ्या सहीशिवाय इथून कुबडीसुद्धा बाहेर जात नाही."

"'सही करणे'. आणखी?"

"आणखी काय असणार? बाकी सगळं माझ्या शब्दावर ही माणसं करतात."

"आई, नक्की? दोनच कार्डं?"

"दोन काय कमी झाली? राणीला विचारशील तर ती एकच सांगेल."

लेक हसली, दोन कार्डांना रबर लावून तिने बाजूला ठेवलं. मिस्त्री दारात उभा होता. त्याने काकींकडे असं पाहिलं, की जणू त्या चालत्या गाडीखाली निघाल्यात. काकींनी डोळे वटारले. मिस्त्री आपल्या पान्याकडे वळला.

कारण मिस्त्रीला माहीत होतं. कारकूनबाईला माहीत होतं, गाडीवाल्याला माहीत होतं. बाकी जगात कुणालाही माहीत नव्हतं.

आजारी माणसाच्या घरून कमोडची खुर्ची परत येते, ती कशी येते? ज्या घरात माणूस नुकताच गेलाय, ते घर रडेल की खुर्ची घासेल? बेडपॅन, मूत्रपात्रं, गाद्यांवरचे डाग, चाकांत अडकलेलं काय काय. गाडीवाला ते गल्लीच्या बाजूने मागच्या अंगणात उतरवायचा. काकी पत्र्याच्या दाराला आतून कडी लावायच्या, कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवायच्या, जंतुनाशकाची बादली घ्यायच्या आणि घासायला बसायच्या. एकोणीस वर्षं. रोज. पुढे लोक सहीसाठी ताटकळायचे, कारकूनबाई दारावर दोनदा टकटक करायची, मग काकी हातमोजे उतरवून, कोपरापर्यंत साबण लावून, कपडे सारखे करून पुढे यायच्या आणि म्हणायच्या, "जरा मागे पाहणी चालली होती."

कुणाला सांगायचं नाही, अशी तिघांना शपथ घातलेली. आणि कारण सांगायचं तर ते धाकटीच होती. काकींचा नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळून होता. त्याचं सगळं काकींनी केलं. धाकटी भेटायला यायची तेव्हा दाराच्या उंबऱ्याशी उभी राहायची. काकींनी पाणी पुढे केलं की विचारायची, "जाऊबाई, हात धुतलेत ना?" विचारायची अगदी गोडपणाने. पण तो गोडपणा काकींना जन्माचा झोंबला. नवरा गेल्यावर त्यांनी त्याची खुर्ची साहित्यघराला दिली, त्या तिथल्या मानद प्रमुख झाल्या, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी तिथे एक घाण खुर्ची आलेली पाहिली. कुणी हात लावेना. काकींना त्यात नवं काहीच नव्हतं. त्यांनी ती उचलली, मागे नेली. संध्याकाळी घरी सांगितलं की मला तिथे खुर्ची दिलीय, टेबल दिलंय, मी नुसती सही करते.

पाहणीचे दोन दिवस लेक वही घेऊन कोपऱ्यात बसली होती. ते दोन्ही दिवस काकी इस्त्रीचे कपडे घालून खुर्चीत बसून राहिल्या. कंटाळ्याने कंबर धरली. मागे सामान साठत होतं, ते त्यांनी रविवारी कुलूप उघडून एकटीने घासलं. लेकीने अंगणात डोकावून पाहिलं होतं, जुन्या धुतलेल्या खुर्च्या ओळीने वाळत होत्या.

"या स्वच्छच परत येतात?" तिने विचारलं होतं.

शपथ आठवून कारकूनबाईने नोंदवहीत डोकं घातलं. "हो मॅडम. लोक धुऊनच आणून देतात."

लेकीने वहीत तसं लिहिलं.

तर आता समितीच्या खोलीत लेक कलम सातची कारणं वाचत होती. "गेल्या सहा महिन्यांच्या नोंदी पाहता, सामान नेणाऱ्याला सरासरी चाळीस मिनिटं थांबावं लागतं. त्यातली तीस मिनिटं केवळ प्रमुखांच्या सहीसाठी. प्रमुख बहुतेक वेळ जागेवर नसतात. पाहणीच्या दोन दिवसांत त्या जागेवर होत्या, पण त्यांच्याकडे सहीखेरीज काम आढळलं नाही. सही कारकुनांनी करावी. पद ठेवण्याचं कारण दिसत नाही."

बहुतेक वेळ जागेवर नसतात! काकींच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. अंगणात गुडघे मोडून बसलेली तीस मिनिटं त्यांच्याच नावावर आळसाची म्हणून लागली होती. आणि लावणारी कोण, तर जिच्या शाळेच्या दप्तराचे बंदसुद्धा त्यांनी शिवले ती.

मिस्त्री भिंतीला टेकून उभा होता. त्याला राहवलं नाही. "काकी, बोला की!"

"काय बोलायचंय?" डॉक्टरांनी चष्मा वर केला.

काकींनी मिस्त्रीकडे एकच नजर टाकली. मग शेजारी पाहिलं. धाकटीने हलकेच त्यांच्या हातावर हात ठेवला होता. "असू दे हो जाऊबाई," ती म्हणाली. "आराम करा आता. तुम्हाला तसंही तिथे काही काम नव्हतंच ना?"

बोलायची वेळ होती तर ती हीच. आणि नेमका तेव्हाच काकींना तिचा तो जुना गोड प्रश्न आठवला.

"बरोबर आहे," त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. "पोरीने बरोबर लिहिलंय. करा हात वर."

पद रद्द करण्याच्या बाजूने सगळ्यात आधी वर गेलेला हात काकींचाच होता. डॉक्टर म्हणाले, असा मोठेपणा पाहिला नाही. एका फुलांच्या गुच्छावर एकोणीस वर्षं आटोपली.

संध्याकाळी लेक घरी आली. तिचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. जावयाला बरोबर आणलं नव्हतं, म्हणजे बोलायला आली होती.

"आई, रागावलीस?"

"मी? कशाला?"

"तूच म्हणाली होतीस, गय करू नकोस."

"म्हटलं होतं. केली का मी तक्रार?"

"मग जेवत का नाहीस?"

"पोटात जागा नाही. गुच्छाचा वास भरलाय."

लेकीने ताटावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "बढती मिळाली त्या वर्षीपासून मी लोकांना नोकरीवरून उठवतेय, आई. कारखान्यात एकदा एका दिवसात चाळीस जणांना सांगावं लागलं. पण आजच्याइतकं जड कधी गेलं नाही. तुझी कार्डं मी तीनदा पाहिली. वाटलं, काहीतरी सुटलंय. काही सुटलंय का?"

काकींच्या ओठांवर आलं होतं. पण मग कळलं असतं की दोन कार्डं खोटी, एकोणीस वर्षांच्या संध्याकाळच्या गप्पा खोट्या. ज्या पोरीला आईच्या सहीचा अभिमान, तिला आईच्या हातमोज्यांचं काय सांगायचं?

"काही सुटलं नाही," काकी म्हणाल्या. "तू हुशार आहेस. जा, जावई उपाशी असेल."

नऊ दिवस काकी घरात होत्या. पहिल्या दोन दिवसांत घरातली सगळी भांडी चकचकीत झाली. तिसऱ्या दिवशी मोरी. चौथ्या दिवशी शेजारणीची मोरी. लोक म्हणत होते, काकी निवृत्त झाल्या, आनंदात दिसतात.

दहाव्या दिवशी दुपारी मिस्त्री दारात. घाम पुसायचंही भान नव्हतं त्याला.

"काकी, घात झाला."

"आत ये. आधी पाणी पी."

"पाणी राहू द्या. मागे सोळा खुर्च्या साठल्यात. अकरा बेडपॅन. माशा बघवत नाहीत. कारकूनबाईने फडक्याने वरवर पुसून काल एक खुर्ची एका म्हाताऱ्यासाठी दिली. खालचा डबा तिने उघडून पाहिलाच नाही. त्यांच्या घरात उघडला."

काकींचा हात तोंडावर गेला.

"त्या म्हाताऱ्याची सून आज खुर्ची घेऊन आली, साहित्यघराच्या दारात आपटली आणि भर रस्त्यात म्हणाली, आजारी माणूस म्हणजे तुम्हाला उकिरडा वाटला का? डॉक्टर तिथेच होते. पांढरेफटक पडले. आज चारला समिती आहे. म्हणतात, कमोडच्या खुर्च्या आणि भांडी देणंच बंद करायचं. कायमचं. आणि ही घडी मॅडमनी बसवली म्हणून सगळं मॅडमवर. धाकट्या बाई म्हणत होत्या, आईला काढायची हौस होती, आता निस्तर म्हणावं."

लेकीचं नाव जाईल, हा एक धक्का. पण खुर्च्या बंद? ज्या घरात म्हातारा उठू शकत नाही आणि विकत घ्यायची ऐपत नाही, त्या घराने काय करायचं? काकींना ते काय असतं हे पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. पहिले तीन महिने नवऱ्यासाठी त्यांनी जुनं घमेलं वापरलं होतं.

"मॅडमला सांगितलंस?"

"तुमची शपथ आहे ना, काकी! तोंड शिवलंय माझं. त्या सकाळपासून घरोघरी फिरतायत. खुर्च्या परत करणाऱ्यांना विचारतायत, तुम्ही धुऊन दिली होती का? सगळे म्हणतात, छे हो, तशीच दिली."

घड्याळात पावणेचार झाले होते.

काकी पोहोचल्या तेव्हा खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून लेकीचा आवाज येत होता. नेहमीसारखा धारदार नव्हता तो.

"चूक माझी आहे. कारकूनबाईंची नाही. मी एकाचं बोलणं ऐकलं आणि पडताळून पाहिलं नाही, आमच्या धंद्यात यासारखं पाप नाही. बावीस घरं फिरले. एकानेही खुर्ची धुऊन दिलेली नाही. म्हणजे इथे एक काम आहे जे कुणाच्याही कार्डावर नव्हतं. ते इतकी वर्षं कुणीतरी करत होतं. मी सगळ्यांना विचारलं. कुणी बोलत नाही."

"भूत करत असेल," धाकटी म्हणाली.

"मुद्दा तो नाही," डॉक्टर म्हणाले. "करणारं कुणी नाही हे खरं ना? मग या वस्तू देणं बंद करू. मतं घेऊ."

काकींनी दार ढकललं.

"हात खाली ठेवा," त्या म्हणाल्या. "मी धूत होते."

कुणाला काही समजलंच नाही. डॉक्टरांनी "काय, काय?" केलं. धाकटी हसली, म्हणजे काकींनी विनोद केला असं तिला वाटलं.

"जाऊबाई, तुम्ही कशाला धुवाल? तुम्ही तर..."

"मी तर नुसती सही करते. माहीत आहे मला मी काय सांगत होते ते, धाकटे. खोटं सांगत होते. एकोणीस वर्षं तुझ्या तोंडावर खोटं बोलले, आणि तू ऐकून घेतलंस. आता खरं ऐक. ज्या हातांचं तू विचारायचीस ना, धुतलेत का म्हणून, त्या हातांनी मी या गावातल्या निम्म्या आजाऱ्यांची घाण काढलीय. तुझ्या आईची खुर्चीसुद्धा. ती गेल्यावर तुम्ही चादरीत गुंडाळून पाठवली होती. चादरही मीच धुतली. निळ्या फुलांची होती."

धाकटीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ती खुर्चीत मागे अशी रेलली की जणू कुणी पुढून ढकललं.

पण काकी तिच्याकडे बघतच नव्हत्या. त्या लेकीकडे बघत होत्या. लेक हातातल्या कागदांत कलम सात शोधत होती.

"तीस मिनिटं," लेक म्हणाली. "प्रमुख जागेवर नसतात. ते तू..."

"हो."

"मी ते मोठ्याने वाचलं. सगळ्यांसमोर."

"मीच तुला तसं सांगितलं होतं. तुझी काय चूक?"

"मी तुझ्या घरात वाढले, आई. लोक मला पैसे देतात, कोण काय काम करतं ते ओळखायचे." तिने डोळे पुसले नाहीत, नुसती पापण्यांची उघडझाप केली. मग पिशवीत हात घालून तिने कोऱ्या कार्डांचा गठ्ठा काढला, टेबलाशी बसली, पेनाचं टोपण उघडलं. आवाज पुन्हा कामाचा झाला. "सांगा. एका कार्डावर एक. पहिलं काय?"

लेकीने अहो-जाहो केलं हे काकींच्या लक्षात आलं. त्याही खुर्ची ओढून सरळ बसल्या.

"पहिलं, डबा काढायचा, झाकण न उघडता मोरीपर्यंत न्यायचा. मग उघडायचा. तोंड बाजूला. दुसरं, गार पाणी. आधी गरम ओतलं की घाण चिकटून बसते, मग बापजन्मात निघत नाही. तिसरं, जंतुनाशक, बादलीला दोन झाकणं, आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. त्या वेळात चाकं."

"चाकांचं वेगळं कार्ड."

"करा वेगळं. चाकाला टोकदार काडी लागते. मग बसायच्या पाटाची खालची बाजू. ती कुणी बघत नाही, सगळी घाण तिथेच लपते. मग बोल्ट सैल आहेत का ते हलवून बघायचं, सैल असतील तर मिस्त्रीकडे. मग उन्हात. ऊन नसेल तर त्या दिवशी द्यायची नाही, कुणी कितीही रडलं तरी. आणि बेडपॅनचं सगळं निराळं."

चौदा कार्डं झाली. मग सोळा. डॉक्टर स्वतः डॉक्टर असून कान देऊन ऐकत होते आणि मध्येच "वीस मिनिटं का?" असं विचारत होते. काकींनी त्यांना कारण समजावलं, जरा हळूहळू, त्यांना कळेल असं.

मतं घ्यायची वेळच आली नाही. वस्तू देणं चालू राहणार होतं. डॉक्टर हात जोडून म्हणाले, "काकी, तुमचं पद आम्ही परत..."

"नाही," लेक म्हणाली.

डॉक्टरांचे हात जोडलेलेच राहिले.

"सही कारकूनबाईच करतील. लोकांचा थांबायचा वेळ आता दहा मिनिटांवर आलाय, तो मी परत चाळीसवर नेणार नाही. कलम सात तसंच राहील." तिने सोळा कार्डं एकत्र करून टेबलावर ठोकून सारखी केली. "या कामाला दोन माणसं लागतात, पगारी. ती मिळेपर्यंत आणि मिळाल्यावर शिकवायला, काकी. दिवसाला तीन तास. खाली बसून घासायचं नाही, उंच ओटा बांधायचा. वय एकाहत्तर आहे."

काकी या दिवसांत खूप हादरल्या होत्या, पण एवढ्या कशानेच नाही.

"तीन तास? अगं, सोळा खुर्च्या पडल्यात तिकडे!"

"तीन."

"तुझ्या बापाच्या वेळी मी चोवीस तास..."

"तेव्हा मी सल्लागार नव्हते. तीन, आई. आणि दाराला आतून कडी लावायची नाही."

"पाच."

"तीन."

काकींनी समितीकडे पाहिलं. समितीने छताकडे पाहिलं. धाकटी मात्र उठून उभी राहिली होती, तिचे ओठ अजून पांढरेच होते. तिने विचारलं, "ती चादर... परत मागितली तर द्याल, जाऊबाई?"

"एका म्हातारीच्या अंगावर आहे," काकी म्हणाल्या. "तिची गरज संपली की बघू."

मग त्या लेकीकडे वळल्या. "चार. त्याच्या खाली मी येत नाही. आणि आजचा दिवस धरायचा नाही, आज निम्मा तर तुमच्या बडबडीतच गेला."

लेकीने पेन उचललं. लिहिलं तीन की चार, हे बघायला काकी थांबल्याच नाहीत. मिस्त्रीला म्हणाल्या, "चल, बादली भर," आणि बाह्या वर सारत मागच्या दाराने अंगणात गेल्या. सोळा खुर्च्यांचा तो ढीग पाहून त्यांच्या तोंडून जे निघालं, ते समितीच्या खोलीत स्पष्ट ऐकू आलं. डॉक्टरांनी ते इतिवृत्तात घेऊ नका म्हणून सांगितलं.